ओठ जुळतात, अर्थ जुळत नाही: चित्रपट प्रमाणन मंडळाला खुले पत्र

प्रति,
मा. अध्यक्ष, केंद्रीय चित्रपट प्रमाणन मंडळ,
आणि मुंबई प्रादेशिक कार्यालयाच्या सल्लागार मंडळातील सर्व सदस्य

स. न. वि. वि.

राजकारणाची थट्टा करणाऱ्या चित्रपटावर सरळ बंदी येण्याचे प्रसंग थोडे. नेहमी घडते ते असे: परीक्षण समिती चित्रपट पाहते, निर्मात्याला आत बोलावते आणि सहा-सात ओळींची यादी हाती पडते. अमुक शब्द म्यूट करा. आमदाराचे आडनाव बदला. सभेतल्या झेंड्याचा रंग बदला. जिल्ह्याचे नाव काढा. एकेक ओळ सुटी वाचली तर किरकोळ वाटते. सदस्यांनाही ती किरकोळच वाटत असणार, म्हणून तर ती सहज लिहिली जाते. आम्ही पटकथा, संकलन आणि ध्वनी या विभागांत काम करणारी माणसे आहोत. त्या सहा ओळींनी चित्रपटाचे नेमके काय होते ते आपल्यापुढे मांडावे, एवढ्यासाठी हे पत्र. राजकीय उपहास ओळखीवर उभा असतो. प्रेक्षकाला ‘हे आपल्याकडचेच’ असे वाटले तरच तो हसतो. ती खूणगाठ सोडवली की पडद्यावर नुसती आरडाओरड उरते.

ओळख म्हणजे खऱ्या माणसाचे नाव नव्हे, हे आधी सांगायला हवे. के. जी. जॉर्ज यांचा मल्याळम चित्रपट ‘पंचवडी पालम’ (१९८४) घ्या. पंचायत धडधाकट पूल पाडून नवा बांधते आणि तो उद्घाटनाच्याच दिवशी कोसळतो. पात्रांची नावे पुराणातून उचललेली: दुःशासन कुरुप, शिखंडी पिळ्ळै. खऱ्या नेत्याचे एकही नाव नाही. तरी केरळच्या प्रेक्षकाने त्यात आपली पंचायत पाहिली, कारण ठराव कसा होतो, काम कोणाच्या पदरात पडते, मान कोणाला मिळतो हा क्रम अचूक होता. सत्यजित राय यांच्या ‘हीरक राजार देशे’मध्ये (१९८०) तर राज्यच काल्पनिक आणि कथा मुलांसाठीची. तिथे राजासकट सगळे यमकात बोलतात. यमकात न बोलणारा एकच माणूस आहे, तो म्हणजे शाळामास्तर. कोण बांधलेला आणि कोण मोकळा हे बांगला कानाला त्यावरून आपोआप कळते. हा उपहास भाषेच्या ठेक्यात आहे, तो कोणत्याही यादीत पकडता येणार नाही, आणि भाषा न येणाऱ्याला दिसणारही नाही.

सत्यन अंतिकाड दिग्दर्शित आणि श्रीनिवासन लिखित ‘संदेशम’ (१९९१) मध्ये दोन सख्खे भाऊ दोन काल्पनिक पक्षांत विभागले गेले आहेत. त्यांतला डाव्या पक्षातला भाऊ पोलंडबद्दल एक अक्षर बोलू नका, असे चिडून बजावतो. ते वाक्य केरळमध्ये आजही लोकांच्या तोंडी आहे. पूर्व युरोपातल्या साम्यवादी राजवटी तेव्हा नुकत्याच कोसळल्या होत्या, म्हणून घरातल्या भांडणात पोलंड आला. हे ठाऊक नसलेल्या माणसापुढे तो संवाद ठेवला, तर त्याला फक्त एका परदेशाचे नाव ऐकू येईल, आणि ‘परदेशांशी मैत्रीचे संबंध’ हे कलम तर १९५२ च्या चित्रपट कायद्यात आहेच. संदर्भ न कळता कलम लावले की काय कापले जाऊ शकते, याचा हा नमुना आहे.

तमिळ ‘मंडेला’ (२०२१) मध्ये गावातले दोन जातगट मतांच्या संख्येत अगदी बरोबरीत आहेत आणि गावच्या न्हाव्याचे एक मत निकाल ठरवणार आहे. त्या चित्रपटाचा कणाच बेरीज-वजाबाकीचा आहे. जातीचा उल्लेख नको म्हणून दोन्ही गटांची ओळख पुसली, तर बरोबरी का झाली हे कळत नाही, आणि एका मताची किंमतही उरत नाही.

आपल्याकडचे उदाहरण ‘सिंहासन’ (१९७९). तो काटेकोर अर्थाने उपहासपट नाही, पण राजकीय मराठी चित्रपटाचे माप आजही त्यावरूनच घेतले जाते. अरुण साधू यांच्या दोन कादंबऱ्या, विजय तेंडुलकरांची पटकथा, जब्बार पटेलांचे दिग्दर्शन. पदे जशीच्या तशी आहेत: मुख्यमंत्री, अर्थमंत्री. शहर मुंबईच आहे. तत्कालीन राज्य सरकारने मंत्रालयात चित्रीकरणाला परवानगीही दिली होती. त्यानंतर सदतीस वर्षांनी, २०१६ मध्ये, पंजाबमधल्या अमली पदार्थांवरच्या हिंदी चित्रपटातून ‘इलेक्शन’, ‘एमएलए’, ‘पार्टी’, ‘पार्लमेंट’ आणि खुद्द ‘पंजाब’ हे शब्द काढा, असे आपल्या मंडळाने सांगितले. मुंबई उच्च न्यायालयाने त्या यादीतला एकच कट ठेवला. निकाल झाला, पण शब्दांची यादी काढण्याची सवय गेली नाही.

मराठीत ही सवय फार महाग पडते, कारण आपल्या राजकारणाने रोजचे शब्द वाटून घेतले आहेत. घड्याळ, कमळ, हात, धनुष्यबाण, मशाल, रेल्वे इंजिन, तुतारी. ही सगळी आज राज्यातल्या पक्षांची निवडणूक चिन्हे आहेत, आणि हीच घरातल्या भिंतीवरची, देवळातल्या तळ्यातली, लग्नाच्या वरातीतली नावे आहेत. सरपंचाच्या ओटीवर बंद पडलेले घड्याळ दाखवले तर ते टोमणा आहे की नेपथ्य? दोन्ही असू शकते, आणि दोन्ही कायद्याला धरूनच आहे. राष्ट्रीय बोधचिन्हांना १९५० च्या कायद्याचे संरक्षण आहे. कोणत्याही पक्षाचा झेंडा किंवा निवडणूक चिन्ह त्यात मोडत नाही. झेंड्याचा रंग बदला असे सांगण्याला आधार कोणता, हे त्या यादीत कधी लिहिलेले नसते.

शब्दांचे वयही पाहावे लागते. खोका म्हणजे एक कोटी, हा मुंबईच्या बोलीतला जुना शब्द. ऑगस्ट २०२२ च्या पावसाळी अधिवेशनात विधानभवनाच्या पायऱ्यांवर विरोधकांच्या घोषणेत तो आला आणि तेव्हापासून गावच्या ग्रामसभेतही त्याचा अर्थ समजावून सांगावा लागत नाही. असा शब्द संवादात आला म्हणजे ती एखाद्या व्यक्तीची बदनामी होत नाही. रस्त्यावर, सभेत, बातम्यांत रोज उच्चारलेला शब्द पडद्यावर मात्र म्यूट करायचा, याने कोणाचे रक्षण होते?

आता कामाच्या टेबलावर काय होते ते सांगतो.

शब्द बदला असे सांगितले की डबिंगचा प्रश्न येतो. प, फ, ब, भ, म या अक्षरांना ओठ मिटतात किंवा मिटण्याच्या बेतात येतात, आणि जवळच्या शॉटमध्ये ते शेवटच्या रांगेतूनही दिसते. म्हणून बदली शब्दात ओठ त्याच जागी मिटले पाहिजेत. ‘आमदार’ मध्ये दुसऱ्या अक्षराला ओठ मिटतात. तिथे बसेल असा शब्द शोधला तर ‘कामगार’ सापडतो. ओठ जुळतात, मात्रा जुळतात, पण वाक्य उलटे होते. ‘मुख्यमंत्री’ ला पहिल्या आणि तिसऱ्या अक्षरावर ओठ मिटतात. असा सात मात्रांच्या आसपासचा, अर्थाने जवळचा आणि कोणाला न लागणारा शब्द मराठीत आम्हाला सापडलेला नाही. मग संकलक तोंड दिसणार नाही असा शॉट शोधतो: पाठमोरा माणूस, ऐकणाऱ्याचा चेहरा, नाहीतर छताचा पंखा. बोलणाऱ्याचा चेहरा गेला की विनोदाचा निम्मा जीव गेला.

म्यूट त्याहून वाईट. अंतिम मिश्रणात संवाद, संगीत आणि इफेक्ट्स असे तीन वेगळे पट्टे असतात. स्टुडिओत डब केलेल्या चित्रपटात संवादाचा पट्टा बंद केला तरी मागचा बाजार, गाड्या, कावळे ऐकू येत राहतात. पण अलीकडचे बरेच मराठी चित्रपट सिंक साउंडमध्ये, म्हणजे चित्रीकरणाच्या जागीच ध्वनिमुद्रण करून बनतात. तिथे संवादाच्या पट्ट्यातच जागेचा आवाज मिसळलेला असतो. शब्द बंद केला की सगळी जागाच क्षणभर मरते, कानाला खड्डा लागतो. तो बुजवायला त्याच जागेचा रिकामा आवाज, रूम टोन, घालावा लागतो. तो मुद्रित करून ठेवला नसेल तर दुसऱ्या दृश्यातून उचलावा लागतो, आणि तो बसत नाही. शिवाय रिकामी जागा प्रेक्षक स्वतः भरतो. लेखकाने ‘बिनडोक’ लिहिलेले असते, म्यूट ऐकून थिएटरातला माणूस त्या जागी आईबहिणीची शिवी कल्पितो. म्हणजे म्यूटने संवाद सभ्य होण्याऐवजी असभ्य होतो.

दृश्याचे दोन सेकंद कापा, असे सांगताना ते दोन सेकंद कुठले हे पाहावे. सेकंदाला चोवीस फ्रेम्स. टोमणा पडल्यावर समोरच्याला तो कळायला अर्धा-पाऊण सेकंद लागतो, मग हशा येतो, आणि हशा दोन-तीन सेकंद टिकतो. संकलक तेवढी जागा मोकळी ठेवतो, तिथे कार्यकर्त्याचा चेहरा किंवा साहेबांचा चहाचा घोट असतो. कापाकापीत पहिला बळी याच ‘रिकाम्या’ दिसणाऱ्या शॉटचा जातो. मग पुढचा संवाद हशाखाली दबतो आणि त्यावर उभारलेला पुढचा टोमणाही वाया जातो.

याच्या पुढची साखळी अशी: नवे मिश्रण, सबटायटल फाइलमध्ये तोच बदल, नवी डीसीपी, म्हणजे चित्रपटगृहात चालणारी डिजिटल प्रत, आणि ती उघडायला प्रत्येक पडद्यासाठी नवी केडीएम ही डिजिटल किल्ली, कारण किल्ली त्या ठरावीक आवृत्तीशीच बांधलेली असते. चूक हमखास सबटायटलमध्ये होते. आवाज बंद झालेला असतो आणि खाली शब्द तसाच उमटतो. मग कट तपासताना फाइल परत येते आणि प्रदर्शनाचा शुक्रवार हुकतो. मराठी चित्रपटाला आधीच मोजके पडदे आणि अडनिड्या वेळेचे खेळ मिळतात. एक शुक्रवार हुकला की ते पडदे दुसऱ्याला जातात. म्हणूनच समितीच्या खोलीत निर्माता ‘हो’ म्हणतो, आणि कागदावर ते ‘स्वेच्छेने केलेले बदल’ म्हणून नोंदले जाते. यात दूरचित्रवाणीचा पैसाही आहे. ‘ए’, म्हणजे फक्त प्रौढांसाठीच्या प्रमाणपत्राचा चित्रपट वाहिनी जसाच्या तसा दाखवू शकत नाही, आणि उपग्रह हक्कांशिवाय लहान मराठी निर्मात्याचा हिशेब बसत नाही. ‘यूए’ (पालकांच्या मार्गदर्शनाखाली मुलांनाही पाहता येईल असे प्रमाणपत्र) हवे असेल तर एवढे काढा, हे वाक्य त्याच्यासाठी सूचना राहत नाही, हुकूम होतो.

कायदा इतका घाबरट नाही. तो काय म्हणतो ते प्रत्येक परीक्षणाआधी सदस्यांना वाचून दाखवावे, अशी आमची विनंती आहे. ६ डिसेंबर १९९१ च्या मार्गदर्शक तत्त्वांत कलात्मक अभिव्यक्ती आणि सर्जनशील स्वातंत्र्यावर अवाजवी बंधन येऊ नये, हे उद्दिष्ट लिहिलेले आहे. चित्रपट समग्रपणे, त्याच्या एकूण परिणामावरून तपासावा, असेही लिहिलेले आहे. सुटा शब्द उचलून यादी करणे या दुसऱ्या वाक्यात बसत नाही. पाहणारा कोण कल्पायचा, याचेही उत्तर आहे, आणि ते आपल्याच मातीतले आहे. नागपूरचे न्यायमूर्ती व्हिव्हियन बोस यांनी, १९४७ च्या निवाडा-संग्रहात छापलेल्या निकालात म्हटले की शब्दांचा परिणाम समंजस, खंबीर आणि धीट माणसाच्या मापाने मोजावा; कचखाऊ मनाच्या, किंवा प्रत्येक विरोधी मतात धोका हुंगणाऱ्याच्या मापाने नव्हे. ‘तमस’ मालिकेच्या खटल्यात १९८८ साली सर्वोच्च न्यायालयाने तेच माप पुन्हा उचलून धरले.

त्याच्या पुढच्याच वर्षी, मार्च १९८९ मध्ये, आरक्षणाच्या धोरणावर टीका करणाऱ्या ‘ओरे ओरु ग्रामत्तिले’ या तमिळ चित्रपटाचे मद्रास उच्च न्यायालयाने रद्द केलेले प्रमाणपत्र सर्वोच्च न्यायालयाने पुन्हा दिले. निदर्शने होतील, मोर्चे निघतील या धमकीपुढे अभिव्यक्ती दडपता येत नाही, आणि धोका असलाच तर तो दारूच्या कोठारातल्या ठिणगीइतका थेट असावा लागतो, असे त्या निकालात आहे. कोणीतरी दुखावेल, हे कारण या मापाला पुरत नाही.

मापाइतकाच मोजणारा महत्त्वाचा. आपली नऊ प्रादेशिक कार्यालये आहेत ती भाषांसाठीच. पण मराठी म्हणजे एकच भाषा नव्हे. वऱ्हाडीतला, मालवणीतला, बीडकडचा टोमणा पुण्या-मुंबईच्या कानाला शिवी वाटू शकतो, आणि खरी शिवी कधी लाडाची वाटू शकते. गावच्या राजकारणावरचा चित्रपट पाहणाऱ्या समितीत त्या बोलीचा, आणि पंचायत-जिल्हा परिषदेचे काम जवळून पाहिलेला, एक तरी सदस्य बसवा. त्याचा कोणत्याही पक्षाशी पदाचा संबंध नसावा. तमाशाच्या वगात सोंगाड्या राजाला तोंडावर सुनावतो, प्रधानाची टोपी उडवतो, आणि राजाचे नाव मात्र कोणी घेत नाही. नाव प्रेक्षक घेतात. ही रीत अंगवळणी असलेल्या माणसाला समितीत जागा मिळाली, तर यादीतल्या निम्म्या ओळी लिहिल्याच जाणार नाहीत.

प्रमाणपत्र दिल्यावर मंडळाचे काम संपते असे आपण मानता. आमच्या मते तिथे एक काम उरते. अनिक दत्त यांचा ‘भविष्यतेर भूत’ हा बांगला उपहासपट १५ फेब्रुवारी २०१९ ला प्रमाणपत्रासह प्रदर्शित झाला आणि दुसऱ्याच दिवशी जवळपास सगळ्या पडद्यांवरून उतरला. प्रदर्शनाआधी पोलिसांच्या गुप्तवार्ता विभागाने निर्मात्याकडे अधिकाऱ्यांसाठी खास खेळ मागितला होता. सर्वोच्च न्यायालयाने ११ एप्रिल २०१९ ला पश्चिम बंगाल सरकारला २० लाख रुपये भरपाई द्यायला लावली. तमिळ ‘सरकार’ (२०१८) मध्ये फुकट वाटलेल्या वस्तू जाळण्याचे दृश्य होते. सत्ताधारी पक्षाच्या विरोधानंतर, चित्रपटगृहांत लागल्यावर, ते कापले गेले. आपल्याकडे ‘झेंडा’ला २०१० साली प्रदर्शनाच्या तोंडावर राजकीय विरोध सोसावा लागला. प्रमाणित चित्रपटाचा केंद्र सरकारनेही फेरविचार करू नये, असे न्यायालयाने २००० साली सांगितले आणि २०२३ च्या दुरुस्तीने तो अधिकार कायद्यातूनच गेला. मग रस्त्यावरच्या मंडळींना तो का असावा? प्रदर्शनानंतर दबावाखाली ‘स्वेच्छा’ बदल नोंदवायला निर्माता येतो, तेव्हा हा बदल कोणाच्या मागणीवरून, असा प्रश्न मंडळाने विचारावा आणि उत्तर नोंदवून ठेवावे. ‘हा चित्रपट आम्ही पाहून प्रमाणित केला आहे’ एवढे एक वाक्य मंडळाने जाहीरपणे म्हटले, तरी चित्रपटगृहाच्या मालकाला आणि स्थानिक पोलीस ठाण्याला धीर येतो.

दाद मागण्याची वाट २०२१ पासून अरुंद झाली आहे. चित्रपट प्रमाणन अपील न्यायाधिकरण बंद झाले आणि मंडळाच्याच फेरतपासणी करणाऱ्या पुनरीक्षण समितीनंतर थेट उच्च न्यायालय उरले. दोन शब्दांसाठी वकील उभा करणे लहान निर्मात्याला परवडत नाही. न्यायाधिकरण परत आणणे आपल्या हातात नाही, पण तशी शिफारस करणे आहे. वयोगट वापरणे तर पूर्णपणे आपल्या हातात आहे. २०२३ च्या दुरुस्तीने ‘यूए’चे ७+, १३+ आणि १६+ असे तीन भाग झाले. राजकीय टोमण्यातला कडक शब्द सातव्या वर्षी नको असेल, तर १६+ द्या आणि शब्द राहू द्या.

आणि यादी द्यायचीच झाली तर ती मराठी चित्रपटासाठी मराठीत, लेखी, पुढील तपशिलासह द्या: दृश्याची वेळ तास, मिनिटे, सेकंदांत; आक्षेप घेतलेला नेमका शब्द किंवा चित्र; मार्गदर्शक तत्त्वांतले कोणते कलम; संपूर्ण चित्रपट पाहिल्यावर त्या जागेचा कोणता परिणाम होतो असे समितीला वाटले; वरचा वयोगट देऊन भागते का, नसेल तर का नाही; आणि समितीत मतभेद असल्यास किती विरुद्ध किती. हे सहा रकाने भरायला प्रत्येक आक्षेपामागे दहा मिनिटे लागतील. चौथा रकाना भरता आला नाही, तर तो आक्षेप यादीतून तिथेच काढून टाकावा.

आपले,
मराठी चित्रपटांच्या पटकथा, संकलन आणि ध्वनी विभागांत काम करणारे